झगमगराव

मी ज्यांच्या तळघरात तीन वर्षं राहिले, त्या गृहस्थांना काका म्हणायची बंदी होती. पहिल्याच दिवशी, माझी बॅग अजून जिन्यातच होती तेव्हा, त्यांनी सांगून टाकलं, "हे बघ, मला काका म्हणायचं नाही. काका म्हटलं की डोळ्यांपुढे धोतर येतं." त्यांच्या बायकोला मात्र काकू म्हटलेलं चालायचं. त्या गृहस्थांना नावाने हाक मारणं माझ्या जिभेला जमेना, 'सर' त्यांना आवडायचं पण मला आवडायचं नाही, आणि 'अहो' म्हणायचा हक्क त्या घरात एकाच व्यक्तीला होता. शेवटी मी काहीच म्हणेनाशी झाले. त्यांच्याशी बोलायचं असेल तर जवळ जाऊन खोकायची. काकूंना बरेच दिवस वाटत होतं की मला अमेरिकेची हवा मानवत नाही.

ते घर नेपरव्हिलला, शिकागोच्या पश्चिमेला होतं. मी रोज आगगाडीने शिकागोला जाऊन संख्याशास्त्र शिकत होते, आणि ते त्याच गाडीने ऑफिसला जात. एअर कॉम्प्रेसर बनवणाऱ्या एका कंपनीत ते इंजिनियर होते. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि डिस्कोचं सुतकसुद्धा अमेरिकेत फिटून गेलं होतं. ज्या लोकांनी थोड्याच वर्षांपूर्वी चकचकीत शर्ट घालून कंबर हलवली होती, ते आता तसं काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने राखाडी सूट घालून फलाटावर पेपर वाचत उभे असायचे. त्या राखाडी रांगेत आमचे घरमालक लांबूनच ओळखू यायचे. वाइनच्या रंगाचा मखमली कोट, त्याच्यावर दोन्ही खांद्यांकडे पसरलेली शर्टाची कॉलर, छातीची वरची बटणं उघडी, आणि आत सोन्याच्या साखळीला लटकलेला गणपती. त्या केसांच्या जंगलात गणपती मला नेहमी जरा अवघडल्यासारखा वाटायचा. खाली गुडघ्यापासून फाकत गेलेली पांढरी पँट. बर्फ पडलं की ती पँट फलाट झाडत चालायची आणि गाडीत बसेपर्यंत पोटरीपर्यंत भिजायची.

"पँट बुटात खोचा की जरा," काकू दारातून म्हणायच्या.

"आणि पँटचा फॉल मोडू?"

"फॉल साडीला असतो."

"म्हणूनच तुला कळणार नाही," असं म्हणून ते उंच टाचांच्या बुटांवर तोल सावरत मोटारीत जाऊन बसायचे. त्या बुटांमुळे ते काकूंपेक्षा उंच दिसत. बूट काढल्यावर दिसत नसत. त्यामुळे घरात पाहुणे असले की ते बूट काढायचे टाळत. चपला-बूट दाराबाहेर काढणाऱ्या मराठी पाहुण्यांच्या मधोमध ते बूट घालून फिरत, आणि काकू दुसऱ्या दिवशी गालिचा घासत.

धुण्याचं मशीन तळघरात, माझ्या खोलीला लागूनच होतं. त्यांचे शर्ट ड्रायरमध्ये टाकायची सक्त मनाई होती, कारण एक शर्ट आत वितळून ड्रायरच्या भिंतीला चिकटला होता आणि पुढे महिनाभर घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांवर त्याची नक्षी उमटत होती. म्हणून ते शर्ट छताच्या पाइपवर वाळत पडायचे. घोड्यांचे, पोपटांचे, सूर्यास्ताचे, एकावर तर नुसते ओठच ओठ. मी खाली बसून माझा प्रबंध लिहायची आणि वरून ते ओठ टपटप गळायचे.

हे इतके शर्ट आले कुठून, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर पहिल्या उन्हाळ्यात मिळालं. घरातलं नको झालेलं सामान गॅरेजपुढे मांडून विकायची तिकडे पद्धत आहे. त्या काळात प्रत्येक बाई आपल्या नवऱ्याची डिस्कोची पापं अशीच गॅरेजपुढे मांडत होती. आणि आमचे घरमालक शनिवारी सकाळी उठून गल्लीगल्लीतून ती पापं गोळा करत होते. "मूर्ख लोक," घरी येऊन पिशवी उघडताना ते म्हणायचे. "सोनं रस्त्यावर टाकतायत."

समोरच्या घरात एक टकले दंतवैद्य राहत. त्यांनी एकदा अंगणात जेवायला बोलावलं होतं. मका भाजता भाजता ते आमच्या घरमालकांकडे टक लावून बघायला लागले. मग चिमटा खाली ठेवून म्हणाले, "हा शर्ट... खिशापाशी सिगारेटचं भोक आहे का?"

आमच्या घरमालकांनी कोट बाजूला करून भोक दाखवलं.

"माझाच आहे," दंतवैद्य म्हणाले. "मागच्या महिन्यात बायकोने विकला." त्यांची बायको कोशिंबिरीच्या भांड्यात बघत राहिली.

"विकला ते बरं केलं," आमचे घरमालक म्हणाले. "तुमच्या अंगावर तो वाया जात होता."

आणि मोठ्या मनाने त्यांनी दंतवैद्याला कॉलर कशी पसरायची ते करून दाखवलं. काकूंनी त्या दिवशी मका खाल्ला नाही.

महाराष्ट्र मंडळात त्यांना पाठीमागे 'झगमगराव' म्हणत. हे नाव ज्यांनी ठेवलं ते स्वतः लग्नात सासऱ्यांनी शिवून दिलेल्या सफारीत यायचे आणि त्यांच्या बायका पैठणीवर स्कीचं जाकीट चढवून खाली धावायचे बूट घालायच्या. म्हणजे हसायचा अधिकार तसा कोणालाच नव्हता, पण मंडळात अधिकार बघून कोणी हसत नाही. हिवाळ्यात झगमगरावांपासून सगळे चार हात लांब राहायचे, त्याला मात्र सबळ कारण होतं. शिकागोच्या कोरड्या थंडीत त्यांच्या अंगावरच्या त्या पॉलिएस्टरमध्ये इतकी वीज साठायची, की हात मिळवला की ठिणगी उडायची. संक्रांतीला त्यांनी "गोड बोला" म्हणत ज्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, ते सगळे तोंडातून भलतंच बोलले. पुढच्या वर्षी लोकांनी त्यांच्यापुढे कागदी बशा धरल्या.

कपड्यांवर ते सगळ्यांना फुकट सल्ला देत. भारतातून नवा विद्यार्थी आला, की त्याला आधी विमानतळावरून घरी आणत आणि घरी येताच त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालत. मग निकाल. माझ्या आईने विणलेल्या स्वेटरकडे बघून मला म्हणाले होते, "यात तू थर्मासच्या कव्हरसारखी दिसतेस." त्यांचं एक लाडकं वाक्य होतं: "या देशात माणूस आधी दिसतो, मग असतो." हे वाक्य ते मराठीत बोलत, इंग्रजीत बोलत, आणि एकदा पुरोहितांना सत्यनारायणाच्या पूजेला पाटावर बसल्या बसल्या ऐकवलं होतं. पूजेला त्यांनी सोवळं नेसलं होतं, पण वर तो ओठांचा शर्ट होता. पुरोहितांनी सगळी पूजा डोळे मिटून सांगितली.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं, ते त्यांनी एकदा आगगाडीत सांगितलं. ते सांगलीहून आले तेव्हा त्यांच्याकडे एक तपकिरी कोट होता. तो घालून ते बरीच वर्षं ऑफिसला गेले. "लोक मला फायलींचं कपाट समजायचे," ते म्हणाले. "लिफ्टमध्ये माझ्याशी कोणी बोलायचं नाही. मी आजारी पडून आठवडाभर घरी राहिलो. परत गेलो तर साहेबाने विचारलं, काल तो रिपोर्ट दिलास का? त्याला मी गेलोच नव्हतो हेच माहीत नाही." मग डिस्को आला. ऑफिसच्या एका पार्टीला कोणाचा तरी चंदेरी शर्ट उसना घालून ते गेले, आणि कोणी हात धरून ओढलं म्हणून नाचले. "गोल करून टाळ्या वाजवल्या लोकांनी. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिघांनी मला नावाने हाक मारली. चुकीच्या उच्चाराने. पण नावाने."

मला जरा वाईट वाटायला लागलं होतं, तेवढ्यात ते खिडकीच्या काचेत बघून भुवई सारखी करायला लागले, आणि माझं वाईट वाटणं संपलं.

त्यांना एक मुलगी होती, सोळा वर्षांची, तिथेच जन्मलेली. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. वडिलांनी शाळेत आणायला येऊ नये, यासाठी तिने इतके खेळ आणि इतके क्लब सोडले होते, की तिच्या शिक्षकांना ती घरी फार अभ्यास करते असं वाटत होतं. तिच्याशी बोलताना वडिलांचा विषय निघाला, की ती एवढंच म्हणायची, "ही इज अ लॉट." याचं मराठी मला अजून सुचलेलं नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षातल्या ऑक्टोबरमध्ये तिच्या दोन मैत्रिणी घरी आल्या. एक तांबड्या केसांची उंच मुलगी होती, तीच बोलली. हॅलोविनला शाळेच्या जिममध्ये वेशभूषेची स्पर्धा आणि नाच होता, आणि तिघींना झगमगरावांचे कपडे हवे होते. हा बेत आमच्या मुलीचा नव्हता. ती मागे उभी राहून स्वयंपाकघराच्या दाराचा रंग नखाने खरवडत होती.

झगमगरावांना आकाश ठेंगणं झालं. "बघ," ते काकूंना म्हणाले, "नवी पिढी परत येतेय."

"हॅलोविनला भुतं होतात," काकू म्हणाल्या.

"राजेपण होतात."

पुढचे दोन शनिवार त्यांनी त्या मुलींना दिवाणखान्यात उभं करून कपडे चढवले, टाचण्या लावल्या, कॉलरी पसरल्या आणि बोट आकाशाकडे करून कंबर कशी हलवायची ते शिकवलं. मैत्रिणी हसून हसून सोफ्यावर पडायच्या. झगमगरावांना वाटायचं मुली रंगल्यात. त्या दिवसांत ते इतके खूश होते, की जेवताना आमटीला नावं ठेवायला विसरले.

स्पर्धा संध्याकाळी होती. मुलींना पोचवायला ते स्वतः निघाले, आणि निघताना सगळा थाट करून आले. तो वाइनच्या रंगाचा कोट, आत जांभळा साटिनचा शर्ट. काकूंनी मला बाजूला घेतलं. "तू जा गं बरोबर. ह्यांना तिथे नाचू देऊ नकोस."

जिम भुतांनी, चेटकिणींनी आणि फुटबॉल खेळाडूंनी भरलं होतं. एक मुलगा खोक्याचा फ्रीज करून आला होता आणि दारातून आत येताना अडकला होता. आम्ही दोघं भिंतीपाशी उभे राहिलो. मुलींचं त्रिकूट स्टेजवर आलं, त्यांनी बोटं वर केली, कंबर हलवली, आणि सगळं जिम हसायला लागलं. झगमगराव टाळ्या वाजवत होते. "हसतायत का गं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "मजा वाटतेय त्यांना."

"डावीकडच्या मुलीची कॉलर आत गेलीय," ते म्हणाले, आणि ते खुणेने सांगायला हात हलवत दोन पावलं पुढे झाले.

तेवढ्यात सूत्रसंचालन करणाऱ्या उपमुख्याध्यापकांची नजर त्यांच्यावर पडली. उपमुख्याध्यापक बुजगावण्याच्या वेशात होते. "थांबा, थांबा," ते माइकवर म्हणाले. "भिंतीपाशी कोण आहे बघा. सर, तुम्ही वर या."

सगळ्यांच्या माना वळल्या. शिट्ट्या सुरू झाल्या. मी त्यांचा कोट धरायला हात पुढे केला, ठिणगी उडाली, मी हात मागे घेतला आणि ते गेले. त्यांना वाटलं, कपड्यांचे मालक म्हणून सत्कार आहे. स्टेजवर चढताना त्यांनी कॉलर दोन्ही हातांनी सारखी केली.

"आजच्या रात्रीचा सगळ्यात उत्तम वेश!" बुजगावणं म्हणालं, आणि चॉकलेटांनी भरलेला एक नारिंगी प्लास्टिकचा भोपळा त्यांच्या हातात दिला. भोपळा मिळणं म्हणजे काय, हे त्या जिममध्ये आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. "हे सगळं शोधलंत तरी कुठून?" असं विचारून त्याने माइकही त्यांच्या हातात दिला.

"मी हे घालून ऑफिसला जातो," झगमगराव म्हणाले.

जिम कोसळलं. लोक एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होते. ते थोडे गोंधळले, पण माइक हातात होता आणि विषय त्यांचा होता. "याची इस्त्री कधी मोडत नाही," त्यांनी समजावून सांगितलं. पुन्हा हशा. "पावसात भिजला तरी." पुन्हा. तिसऱ्या हशाच्या वेळी मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना कळलं. ते एकदम थांबले, त्यांची नजर स्टेजवरच्या तीन मुलींवरून फिरली, त्यांच्या अंगावरच्या आपल्या शर्टांवरून फिरली, आणि मग समोरच्या भुतांवर आली.

मला वाटलं, आता उतरतील. ते उतरले नाहीत. त्यांनी भोपळा काखेत मारला, एक बोट आकाशाकडे केलं आणि पँटचा घेर दिसावा म्हणून सावकाश एक गिरकी घेतली. जिममध्ये नुसता कल्लोळ झाला. त्यांना नाचू न देण्याचं काकूंचं काम माझ्या हातून केव्हाच निसटलं होतं.

मग त्यांच्या मुलीने पुढे येऊन त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. "स्टॉप लाफिंग," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "दॅट्स माय डॅड. ही इज नॉट वेअरिंग अ कॉस्च्यूम."

एवढं मोठं जिम इतक्या पटकन गप्प होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. बुजगावण्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि "अर्थातच, अर्थातच" असं काहीतरी पुटपुटलं. झगमगरावांनी भोपळा त्या फ्रीजच्या हातात दिला आणि ते खाली उतरले. आम्ही तिघं बाहेर पडलो. मैत्रिणी तिथेच राहिल्या.

गाडीत मुलगी पुढे बसली होती, मी मागे. त्यांनी वायपर सुरू केले. मग ते मराठीत म्हणाले, "तू कशाला मध्ये पडलीस?"

"दे वेअर लाफिंग ॲट यू, बाबा."

"ते मलाही दिसत होतं. मला बक्षीस मिळत होतं."

"इट वॉज अ जोक प्राइज."

"असू दे. हसणारे घरी जाऊन विसरतात. तू बोललीस आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काय मला कॅन्सर झालाय."

मुलगी रडायला लागली. त्यांनी एका हाताने रुमाल काढून तिला दिला. तोही साटिनचा होता. त्याने डोळे पुसले जात नाहीत, ओल इकडची तिकडे होते, म्हणून शेवटी तिने त्यांच्याच कोटाच्या बाहीला डोळे पुसले, आणि मखमलीवर डाग पडेल असं ते म्हणाले नाहीत. त्या माणसाला ओळखणाऱ्या कोणालाही यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळेल.

सोमवारी ते राखाडी सूट घालून खाली आले. तो त्यांच्याकडे आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. पायात साधे काळे बूट, गळ्याला टाय, कॉलर बटणापाशी गुमान बसलेली. काकूंनी कपात चहा ओतता ओतता वर बघितलं आणि चहा बशीत गेला. फलाटावर मी त्यांच्या शेजारी उभी होते, तरी गाडी आल्यावर ते मला सापडेनात.

मंडळात आनंदीआनंद झाला. "आता कसे माणसात आलात," सफारीवाले म्हणाले आणि निर्धास्तपणे हात मिळवायला लागले. ऑफिसात तर त्याहून पुढची मजल. ज्या साहेबाने त्यांना कधी गिऱ्हाइकापुढे उभं केलं नव्हतं, त्याने त्यांना ह्यूस्टनला बोलणी करायला पाठवलं. ते जाऊन आले. कसं झालं विचारलं तर म्हणाले, "झालं." घरात ते संध्याकाळी टीव्हीसमोर बसत आणि आठच्या सुमाराला झोपायला जात. मुलगी त्यांना एकदा दबकत म्हणाली, "यू कॅन वेअर द अदर स्टफ, यू नो." ते म्हणाले, "नको. थंडी आहे."

थंडी गेली. बर्फ वितळून अंगणात चिखल झाला. राखाडी सूट तसाच राहिला, उलट त्याच्या जोडीला दुसरा आला, तोही राखाडी. मी जवळ जाऊन खोकले की ते दचकून "काय गं?" म्हणायचे. एकदा चुकून माझ्या तोंडून "काका" निघालं. त्यांनी ओ दिली.

त्याच सुमाराला एका रविवारी दुपारी मी तळघरात अभ्यास करत होते. काकू खाली आल्या, इस्त्रीचं टेबल उघडलं आणि कोपऱ्यातल्या खोक्यातून तो जांभळा साटिनचा शर्ट काढला. वर्षानुवर्षं या शर्टांच्या नावाने बोटं मोडणारी ही बाई, कॉलरीवर ओलं फडकं ठेवून, जपून, कडेकडेने इस्त्री फिरवत होती.

"पुन्हा घालणार का ते?" मी विचारलं.

"त्यांना अजून माहीत नाही," काकू म्हणाल्या. "उद्या सकाळी बाहेर काढून ठेवणार आहे. सूट लाँड्रीत दिलेत दोन्ही."

"पण तुम्हालाच तर हे कपडे आवडायचे नाहीत."

काकूंनी शर्ट उलटा केला आणि दुसऱ्या बाजूने कॉलर दाबली. "नाहीच आवडत," त्या म्हणाल्या. "पण सांगलीत मला बघायला आले होते ना, तेव्हा हे अगदी आता दिसतात तस्से दिसायचे. मी नको म्हटलं होतं. आमच्या आबांनी ऐकलं नाही."